बालपणातील प्रथिनांची कमतरता आणि मोठेपणीचा रक्तदाब

ब्लड प्रेशर हा जाड आणि खात्यापित्या माणसांचा आजार आहे, असे तुम्हाला वाटत असेल. मग अंगाने बारीक, दिवसभर कष्ट करणाऱ्या माणसाचा रक्तदाब वाढलेला का सापडतो? याचे एक कारण त्याच्या जन्मापूर्वीच्या आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या आहारात असू शकते.

शरीरात नेमके काय होते?

गर्भाला प्रथिने कमी पडली की शरीर मेंदूला आधी पुरवते आणि इतर अवयवांवर काटकसर करते.

• मूत्रपिंड : रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या (नेफ्रॉन) गर्भारपणाच्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात. त्या कमी राहिल्या तर मीठ बाहेर टाकणे जड जाते आणि दाब वाढतो.
• रक्तवाहिन्या : त्यांना लवचीक ठेवणारे तंतू याच काळात जमा होतात. ते कमी पडले तर वाहिन्या पुढे लवकर ताठर होतात.
• हृदय : हृदयाच्या बहुतेक स्नायूपेशी जन्माच्या सुमारासच ठरतात. नंतर पेशी आकाराने वाढतात, संख्येने फारशा नाहीत.

बालपणी तीव्र कुपोषणातून वाचलेल्या जमैकातील प्रौढांची तपासणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे हृदय कमी रक्त पुढे ढकलत होते आणि खालचा (डायस्टोलिक) दाब जास्त होता.

महाराष्ट्रातील अनुभव

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची होती. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे बारीक दिसणाऱ्या शरीरातही धोका दडलेला असू शकतो.

शेलू, नेरळ, कर्जत, खालापूर भागात हे का महत्त्वाचे?

इथल्या कातकरी व ठाकर वाड्यांतली अनेक कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्टीवर किंवा मजुरीला बाहेर जातात. गर्भवतीचा आहार आणि बाळाची अंगणवाडी नेमकी तेव्हाच सुटते. पुढे तोच मुलगा शेलूसारख्या वाढत्या गावात राहून वडापाव, फरसाण, वेफर्स खाऊ लागला की कमी गाळण्यांवर मिठाचा भार पडतो.

तुम्ही काय करू शकता?

• गर्भवतीला रोज वाल, मूग, हुलगे, शेंगदाणे, अंडे किंवा सुकट यांपैकी दोन-तीन गोष्टी द्या. सुकट नीट धुऊन घ्या. आदिवासी क्षेत्रातील अंगणवाडीत अमृत आहार योजनेचा चौरस आहार मिळतो, तो चुकवू नका.
• बाळाला सहा महिने फक्त आईचे दूध द्या. त्यानंतर वरचा आहार सुरू करा. नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवू नका, त्यात डाळ किंवा अंडे घाला.
• तुमचे जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी होते किंवा लहानपणी कुपोषण झाले होते, तर १८व्या वर्षापासून दरवर्षी रक्तदाब मोजा. बारीक असलात तरी मोजा.
• दिवसभरात मीठ एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी ठेवा. तंबाखू, मशेरी बंद करा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पावलांना सूज असेल, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. अशा मुलाला घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. त्याचे हृदय अशक्त असते, आहार हळूहळू वाढवावा लागतो. मोठ्यांमध्ये रक्तदाब दोन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर त्रास होत नसला तरी डॉक्टरांना भेटा.

लहानपणी कुपोषण झाले म्हणजे हृदयविकार होणारच, असे नाही. धोका वाढतो, आणि वेळेवर मोजल्यास तो आटोक्यात ठेवता येतो.