मेहरबाईंच्या नावाचे दरमहा दीडशे रुपये

१/
१८ जून १९३१. उत्तर वेल्समधील रुथिन या गावच्या शुश्रूषागृहात लेडी मेहरबाई टाटा यांचे निधन झाले. वय अवघे ५१. आजार ल्युकेमिया, म्हणजेच रक्ताचा कर्करोग. देशातील अतिशय धनाढ्य घराण्याची ही सून. उपचारांसाठी पैशाची वाण नव्हती. वाण होती ती ज्ञानाची. या मृत्यूतून मुंबईत तरुण वैद्यकीय संशोधकांना आधार देणारा एक निधी जन्माला आला. त्या निधीची आणि त्याच्या भावंडांची ही कथा.

२/
मेहरबाई माहेरच्या भाभा. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या त्या आत्या. १८९८ मध्ये जमशेटजी टाटा यांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. साडी नेसून टेनिस खेळणाऱ्या, स्त्रीशिक्षणासाठी आणि बालविवाहाविरुद्ध जाहीर सभांतून बोलणाऱ्या मेहरबाई त्या काळच्या मुंबईत सर्वपरिचित होत्या.

३/
त्या वेळी ल्युकेमियावर वैद्यकाकडे काय होते? आर्सेनिकची औषधे, क्ष-किरण आणि रेडियम. या उपायांनी काही रुग्णांची प्लीहा काही काळ लहान होई, पांढऱ्या पेशींची संख्या उतरे. रोग मात्र परत येई. रक्तात हा बिघाड का होतो, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. एखादे मोठे रुग्णालय बांधूनही ते मिळण्यासारखे नव्हते, कारण रुग्णालयात देण्याजोगा उपचारच अस्तित्वात नव्हता.

४/
एप्रिल १९३२ मध्ये दोराबजींनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. त्याची घडण विचार करण्याजोगी आहे. उत्पन्नाचे चार पंचमांश जगभरातील ल्युकेमिया-संशोधनासाठी. उरलेला एक पंचमांश भारतात, मानवी व्याधींचे दुःख हलके करू शकेल अशा शास्त्रीय संशोधनासाठी. मुंबईचा पैसा, आणि त्यातला मोठा वाटा परदेशी प्रयोगशाळांना!

५/
आजच्या वाचकाला ही विभागणी खटकू शकते. परंतु १९३२ च्या भारतात रक्ताच्या कर्करोगावर मूलभूत काम करू शकतील अशा प्रयोगशाळा जवळपास नव्हत्याच. प्रश्न जिथे सुटण्याची शक्यता अधिक, तिथे पैसा पाठवावा, हा त्यामागील सरळ हिशेब होता. भारताच्या वाट्याला ठेवलेला पंचमांश मात्र एका रोगापुरता बांधला नव्हता. इथे आधी संशोधक तयार व्हायचे होते.

६/
सरकार काय करत होते? १९११ मध्ये ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ स्थापन झाली होती. हीच संस्था १९४९ मध्ये ‘आयसीएमआर’ झाली. तिचा भर स्वाभाविकपणे प्लेग, कॉलरा, मलेरिया, काळा आजार यांवर होता. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचा जन्मही मुंबईच्या प्लेगमधलाच. साथीचे रोग हजारोंनी माणसे नेत. ल्युकेमियासारख्या विरळ रोगाकडे वळायला सरकारी तिजोरीला सवड नव्हती.

७/
औषध कंपन्यांचा पैसा पुढे आला, पण त्याची वाट वेगळी. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत मुंबईच्या उपनगरांत औषधनिर्मिती फोफावली. भांडुपला सिबा या स्विस कंपनीचा कारखाना होता, तर तिचे संशोधन केंद्र १९६३ मध्ये गोरेगावला सुरू झाले. तिथे उत्तम रसायनशास्त्रज्ञ काम करत. तरीही कंपनीच्या प्रयोगशाळेला अखेरीस विकता येईल असे औषध हवे असते. ‘हे असे का होते?’ एवढ्याच प्रश्नासाठी वर्षभराचा पगार देणारे कोणीतरी निराळे लागते.

८/
ते काम शिष्यवृत्तीचे. १९३० च्या दशकात या ट्रस्टची भारतीय शिष्यवृत्ती दरमहा १५० रुपयांची असे आणि ती एकेका वर्षासाठी मिळे. रक्कम ऐषआरामाची नव्हती. पण पदवी हाती आहे, नोकरी नाही, नावावर एकही शोध नाही, अशा विशी-पंचविशीतील माणसाला ती खोलीभाडे, खानावळ आणि बारा महिन्यांची निश्चिंती देऊ शके. निवड वैज्ञानिकांच्या सल्लागार समितीच्या शिफारशीने होई.

९/
मुंबईला ही कल्पना नवी नव्हती. जमशेटजींनी १८९२ मध्येच जे. एन. टाटा एंडोमेंट सुरू केले होते. त्याच्या पहिल्या लाभार्थी डॉ. फ्रेनी कामा, स्त्रीरोगशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी निघालेल्या एक स्त्री डॉक्टर. मात्र ती मदत कर्जाच्या स्वरूपात असे. शिकून कमावू लागल्यावर परतफेड करायची, म्हणजे तोच पैसा पुढच्या विद्यार्थ्याला. शिक्षणासाठी ही योजना चोख, संशोधनासाठी अडचणीची. ज्या कामातून कमाईची शाश्वती नाही, त्यासाठी कर्ज कोण काढणार?

१०/
अशी मदत नेमकी कुठे कामी येते, हे एका मराठी मुलीच्या चरित्रातून स्वच्छ दिसते. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी. १९३३ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या आणि त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक सर चं. वें. रामन यांनी नकार दिला. कारण एकच, त्या स्त्री होत्या. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. अखेर एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला.

११/
अट मान्य करून, काम दाखवून त्यांनी तो अडसर दूर केला आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळवली. पुढचा अडसर जिद्दीने हटणारा नव्हता. केंब्रिजला जाण्या-राहण्याचा खर्च मध्यमवर्गीय घराला झेपणारा नव्हता. इथे दोन शिष्यवृत्त्या धावून आल्या: स्प्रिंगर संशोधन शिष्यवृत्ती आणि सर मंगळदास नथुभाई परदेश शिष्यवृत्ती.

१२/
हे मंगळदास नथुभाई म्हणजे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे कापड व्यापारी आणि गिरणीमालक. परदेशी शिक्षणासाठी त्यांनी विद्यापीठाकडे निधी ठेवला, तेव्हा कमलाबाईंचा जन्मही झाला नव्हता. १८९० मध्ये ते वारले. त्यांच्या मृत्यूनंतर जवळपास अर्धशतकाने त्यांचा पैसा एका तरुणीला केंब्रिजच्या प्रयोगशाळेत घेऊन गेला.

१३/
तिथे बटाट्यावर काम करताना कमलाबाईंनी वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनाला आवश्यक असलेले प्रथिन असल्याचे दाखवले. अवघ्या चौदा महिन्यांत, सुमारे चाळीस पानांचा प्रबंध. १९३९ मध्ये केंब्रिजची विज्ञानातील पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत पुढे त्यांनी डाळी, नीरा आणि गरिबांच्या आहारातील पोषणमूल्ये यांवर काम केले. व्यापाऱ्याच्या निधीचे व्याज अशा रीतीने कुपोषित मुलांच्या वाटीपर्यंत पोहोचले.

१४/
आता पुन्हा ल्युकेमियाकडे. लेडी टाटा ट्रस्टने परदेशांत ज्यांना साहाय्य केले, त्यांत अमेरिकेतील जेकब फर्थ आणि डेन्मार्कमधील युलियस एंगेलब्रेथ-होल्म हे संशोधक होते. फर्थ यांचे काम उंदरांच्या ल्युकेमियावर. १९३७ मध्ये फर्थ आणि त्यांचे सहकारी कान यांनी दाखवून दिले की, रोगट उंदराची केवळ एक पेशी निरोगी उंदरात सोडली तरी पूर्ण रोग उद्भवू शकतो.

१५/
या एका पेशीचा अर्थ गंभीर होता. उपचाराने लाखो रोगट पेशी मेल्या आणि मोजक्या उरल्या, तरी रोग पुन्हा उभा राहणार. मेहरबाईंच्या पिढीतील रुग्ण थोडे सावरून पुन्हा का खालावत, हे आता समजू लागले. हा औषधाचा शोध नव्हता. पण औषधाने कोणती कामगिरी करायला हवी, हे त्याने सांगितले.

१६/
औषधाच्या मागे मात्र आणखी एक स्थानिक निधी होता, मुंबईपासून दूर, आंध्र किनाऱ्यावरील काकिनाड्यात. येल्लाप्रगडा सुब्बाराव या तरुणाचे दोन भाऊ ‘स्प्रू’ या आतड्याच्या विकाराने गेले होते. १९२० च्या दशकाच्या आरंभी हार्वर्डला जाण्यासाठी त्यांना मल्लाडी सत्यलिंगम नायकर धर्मादाय निधी आणि सासरे यांची मदत मिळाली. बॉस्टनला पोहोचल्यावरही पैशाची ओढाताण संपली नाही. रुग्णालयात हलकी कामे करून त्यांनी दिवस काढले.

१७/
पुढे लेडर्ली प्रयोगशाळेत सुब्बारावांच्या चमूने फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने बनवले. स्प्रूवर ते गुणकारी ठरले. मग त्याच्याशी मिळतीजुळती, पण पेशीला फसवून तिची वाढ रोखणारी रसायने तयार झाली. त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे औषध बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाग्रस्त मुलांना दिले. १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: काही मुलांचा रोग, तात्पुरता का होईना, मागे हटला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले.

१८/
दरम्यान मुंबईतही जमीन तयार होत होती. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. दोराबजींनी मेहरबाईंना दिलेला २४५ कॅरटचा ‘ज्युबिली’ हिरा त्यांच्या मृत्यूनंतर विकला गेला. ते पैसेही याच ट्रस्टकडे आले. रुग्णालयातील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती.

१९/
त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. केली. नंतर फेलोशिप मिळवून त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतीसंवर्धन शिकल्या आणि परत आल्या. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९३२ मध्ये ज्या प्रयोगशाळा इथे नव्हत्या, त्या वीस वर्षांत उभ्या राहू लागल्या होत्या. भांडुपहून धीम्या लोकलने परळला उतरले की हा इतिहास पायी फिरून पाहता येतो: एकीकडे हाफकिन, दुसरीकडे टाटा रुग्णालय.

२०/
या निधींच्या मर्यादाही सांगायला हव्यात. दाते मूठभर, जागा थोड्या. अर्ज कसा करायचा हे ठाऊक असणारे बहुतेक शहरी, इंग्रजी शिकलेले. सर मंगळदासांच्या निधीचे दारही मुळात हिंदू विद्यार्थ्यांपुरतेच उघडे होते. शिष्यवृत्ती संपल्यावर नोकरीची हमी कुठेच नव्हती. किती गुणी माणसे त्या दाराशी पोहोचलीच नाहीत, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडत नाही.

२१/
लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट आजही काम करतो. ल्युकेमियावर संशोधन करणाऱ्यांना तो जगभर साहाय्य देतो, भारतातील तरुण संशोधकांनाही देतो. पूर्वी शिष्यवृत्त्यांची घोषणा मेहरबाईंच्या स्मृतिदिनी, १८ जूनला होत असे. वर्षश्राद्धाचा दिवस कोणा अनोळखी तरुणाच्या कामाचा पहिला दिवस ठरे.

२२/
दोराबजींना मात्र त्यातले काहीच पाहता आले नाही. पत्नीच्या पहिल्या स्मृतिदिनी इंग्लंडमधील ब्रुकवुड येथील तिच्या समाधीला भेट देण्यासाठी ते निघाले होते. वाटेत जर्मनीतील बाड किसिंगेन येथे ३ जून १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. ट्रस्ट स्थापन होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, आणि स्मृतिदिन पंधरा दिवसांवर होता. ब्रुकवुडला ते मेहरबाईंच्या शेजारीच विसावले आहेत.