होस्टेल-पीजीच्या खोलीत वायफाय की वायरवालं इंटरनेट? विक्रोळीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी कसं ठरवावं

विक्रोळीत कन्नमवार नगर, टागोर नगर किंवा पार्क साइटला पीजी शोधताना भाड्यानंतरचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "वायफाय आहे का?" मालक "हो" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. खरं तर तो तिथून सुरू व्हायला हवा. सहा जणांत एक राउटर, तोही मालकांच्या हॉलमध्ये, आणि तुमच्या खोलीत सिग्नलची जेमतेम एक काडी, यालाही "वायफाय आहे" असंच म्हणतात. रील्स त्यावर चालतात. पण कॅमेरा चालू ठेवून द्यायची प्लेसमेंटची ऑनलाइन टेस्ट किंवा इंटरव्ह्यू त्यावर चालेल का, हे त्याच दिवशी कळून काही उपयोग नाही.

आधी एक गोंधळ दूर करूया

"वायरलेस इंटरनेट" हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक म्हणजे बिल्डिंगपर्यंत नेट कसं येतं. ते फायबरच्या वायरीने येऊ शकतं, किंवा एअरफायबरसारख्या सेवेतून, म्हणजे छतावर किंवा खिडकीत बसवलेल्या यंत्राने थेट ५जी टॉवरवरून. एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि जिओने सप्टेंबर २०२३ मध्ये ही सेवा मुंबईत सुरू केली. दुसरी गोष्ट म्हणजे राउटरपासून तुमच्या लॅपटॉपपर्यंत नेट कसं येतं: वायफायने की लॅन केबलने.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. फायबर मिळत असेल तर फायबर घ्या, कारण टॉवर आजूबाजूच्या सगळ्यांमध्ये वाटला जातो आणि संध्याकाळी गर्दी वाढली की वेग खाली येऊ शकतो. एअरफायबर तिथे कामाचं, जिथे फायबर पोहोचलेलंच नाही किंवा सोसायटी वायर टाकू देत नाही. जुन्या म्हाडा कॉलनीत राहत असाल तर अजून एक गोष्ट विचारा: बिल्डिंग पुनर्विकासाला कधी जाणार आहे? सहा महिन्यांत खोली खाली करायची असेल, तर वर्षभराचा प्लॅन स्वस्त दिसला तरी घेऊ नका.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो.

काड्या फुल, तरी कॉल तुटतो. का?

वायफायच्या एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. तुमचा फोन, रूममेटचा लॅपटॉप, मालकांचा टीव्ही, सगळे आपापल्या पाळीची वाट बघतात. पाळी मिलिसेकंदांत येते म्हणून एरवी ते जाणवत नाही. पण २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल फक्त तीन धरतात: १, ६ आणि ११. बिल्डिंगला बिल्डिंग लागून असलेल्या वस्तीत फोनवर वायफायची यादी उघडून बघा, शेजाऱ्यांची पंधरा-वीस नावं सहज दिसतील. ती सगळी याच तीन चॅनलमध्ये दाटीवाटीने बसलेली असतात. म्हणजे तुमचा पासवर्ड कोणाला दिला नाही तरी हवा मात्र तुम्ही सगळ्यांसोबत वाटून घेताय.

फोनवरच्या काड्या सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात, गर्दी किती आहे ते सांगत नाहीत. काड्या फुल असणं म्हणजे सकाळी विक्रोळीला स्लो लोकल प्लॅटफॉर्मला लागलेली दिसणं. आत शिरायला जागा आहे का, हा वेगळा प्रश्न. त्यात एखाद्याचा जुना फोन दोन भिंतींपलीकडून हळूहळू डेटा ओढत असेल, तर तो चॅनल जास्त वेळ अडवून ठेवतो आणि राउटरजवळ बसलेल्यांचंही नेट मंदावतं.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोठा आणि मोकळा आहे. राउटर डुअल बँड असेल तर आधी तोच निवडा. अडचण एवढीच की तो भिंतीतून कमी शिरतो. आणि भिंतीपेक्षाही वाईट म्हणजे लोखंडी कपाट. गोदरेजच्या विक्रोळीत बसून हे लिहायला जरा गंमत वाटते, पण राउटर आणि तुमचा पलंग यांच्या मध्ये कपाट उभं असेल तर आधी राउटर त्याच्या वर आणि बाजूला सरकवा. नवा प्लॅन घेण्याआधी हा फुकटचा उपाय करून बघाच.

वायर नेमकं काय देते?

वेग हे उत्तर अर्धंच आहे. १०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये राउटरजवळ बसून वायफायवरही जवळपास तेवढाच वेग मिळू शकतो. (१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबाइट नाही, साधारण साडेबारा. डाउनलोडचा आकडा बघून केबलवाल्याशी भांडण्याआधी हे लक्षात ठेवा.) वायरीचा खरा फायदा सातत्याचा आहे. तिथे पाळी नसते, पाठवणं आणि घेणं एकाच वेळी चालतं आणि शेजाऱ्याच्या राउटरशी काही संबंध नसतो. एका एचडी व्हिडिओ कॉलला साधारण ३-४ एमबीपीएस पुरतात, म्हणजे वेग बहुतेकांकडे असतोच. कॉल तुटतो तो मध्येच अर्धा-एक सेकंद डेटा अडकल्यामुळे.

हे स्वतः तपासता येतं. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि राउटरला पिंग करा. पत्ता राउटरच्या मागच्या स्टिकरवर असतो. रात्री दहाच्या सुमारास, सगळे ऑनलाइन असताना करा. वायरीवर जवळजवळ प्रत्येक आकडा एक मिलिसेकंदाच्या आसपास येईल. वायफायवर आकडे तीन, पाच, मग अचानक दोनशे, असे उड्या मारत असतील तर दोष खोलीतल्या वायफायचा आहे, कंपनीचा नाही. अशा वेळी महागडा प्लॅन घेतला तरी फरक पडणार नाही.

खर्च फार नाही. राउटरपासून खोलीपर्यंत कॅट ६ केबल ओढायची. शंभर मीटरपर्यंत ती व्यवस्थित चालते, म्हणजे फ्लॅटमध्ये अंतराचा प्रश्न येत नाही. दारातून न्यायची असेल तर चपटी केबल मिळते. केबलमध्ये आठ तारा असतात; कनेक्टर बसवणाऱ्याने चारच जोडल्या तर वेग १०० एमबीपीएसवर अडकतो, त्यामुळे आठही जोडल्यात ना, हे विचारून घ्या. हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपना लॅनचा पोर्ट नसतो, तेव्हा यूएसबी-सी ते लॅन अडॅप्टर लागतो. तो गिगाबिट आहे का ते डब्यावर वाचा. ओटीजी चालणाऱ्या अनेक अँड्रॉइड फोनलाही हाच अडॅप्टर लागतो. एका खोलीत तिघांना वायर हवी असेल तर पाच पोर्टचा छोटा स्विच पुरतो.

कॅम्पसच्या होस्टेलचं गणित वेगळं

विक्रोळीहून पवईला, आयआयटी मुंबईत गेलात की चित्र उलटं. तिथे होस्टेलच्या खोल्यांमध्ये लॅन ही वायफायच्या आधीपासूनची गोष्ट आहे. त्या लॅनवर डीसी प्लस प्लस नावाच्या सॉफ्टवेअरमधून मुलं आपसात फाइली वाटायची आणि त्याला बाहेरच्या इंटरनेटची गरजच नसायची. नेट इतकं हाताशी होतं की मार्च २००७ मध्ये संस्थेने होस्टेलमधलं इंटरनेट रात्री ११ ते दुपारी १२.३० बंद ठेवायचा निर्णय घेतला. सकाळच्या लेक्चरला मुलं येत नाहीत आणि खोलीबाहेर पडून एकमेकांत मिसळत नाहीत, हे कारण होतं.

अशा होस्टेलमध्ये भिंतीवर पोर्ट असेल तर वापरा. बऱ्याच ठिकाणी आधी लॅपटॉपची नोंदणी करावी लागते. मात्र स्वतःचा राउटर आणून त्या पोर्टला लावायच्या आधी नियम विचारा. कारण फक्त शिस्तीचं नाही. भिंतीतली वायर राउटरच्या "वॅन"ऐवजी चुकून "लॅन" भोकात गेली, तर तुमचा राउटर शेजारच्या खोल्यांनाही पत्ते वाटायला लागतो. ते पत्ते चुकीचे असतात आणि अख्ख्या मजल्याचं नेट बसतं. मग रात्री दीडला कोणाच्या खोलीत राउटर आहे, याची झडती सुरू होते.

मग घ्यायचं काय?

फोनसाठी वायफायच. फोन घेऊन पलंगावर, गॅलरीत, जिन्यात फिरणाऱ्याला वायर घ्या म्हणण्यात अर्थ नाही. पण खोलीत टेबलापाशी एक तरी वायर असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. एरवी ती गुंडाळून ठेवा. ज्या गोष्टी पुन्हा करता येत नाहीत, म्हणजे प्रॉक्टर्ड परीक्षा, इंटरव्ह्यू, शेवटच्या तासात अपलोड करायचं सबमिशन, तेवढ्यासाठी ती लावा. गेमिंग करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही.

पीजी बघायला जाल तेव्हा डिपॉझिट देण्याआधी खोलीत बसून दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा, शक्यतो संध्याकाळी. राउटर कुठे आहे, तो किती जण वापरतात आणि खोलीपर्यंत केबल ओढू द्याल का, हे मालकांना तिथेच विचारून घ्या. "भिंतीला भोक पाडायचं नाही" हे उत्तर आलं तरी दाराच्या फटीतून जाणाऱ्या चपट्या केबलला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

वायर ओढताच येत नसेल तर परीक्षेच्या दिवशी हॉटस्पॉटऐवजी यूएसबी टेदरिंग वापरा. फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि सेटिंगमधून टेदरिंग चालू करायचं. नेट मोबाइलच्या टॉवरवरून येतं, पण खोलीतली वायफायची गर्दी टळते आणि फोनही चार्ज होत राहतो. चार्जिंगची प्रत्येक केबल डेटा नेत नाही, त्यामुळे आदल्या दिवशीच तपासा.

राहिला वीज जाण्याचा प्रश्न. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, तेव्हा मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. एवढा मोठा बिघाड क्वचित होतो, पण बिल्डिंगचा फ्यूज उडायला निमित्त लागत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, राउटर मात्र बंद पडतो. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही त्यावर चालतील असा घ्या.