मुद्रा राजाची, तोतया प्रधानाचा : राजमाचीच्या बंडावरून एक विचार

कर्जत गांवाच्या आग्नेयेस, उल्हास नदीच्या खोऱ्याच्या माथ्यावर, राजमाचीचे श्रीवर्धन व मनरंजन हे दोन बालेकिल्ले दिसतात. किल्ला पुणें जिल्ह्यांत मोडतो. परंतु कोंकणांतून वर जाणारी त्याची वाट कर्जत तालुक्यांतील कोंदिवडें-कोंडाणें येथूनच चढते, आणि कोंडाण्याचीं लेणीं ज्यानें पाहिलीं असतील त्याला या वाटेचें प्राचीनत्व निराळें सांगावयास नको. इ. स. १७७६ त बोरघाट चढून याच राजमाचीपर्यंत एक मनुष्य सैन्यासह आला. तो आपणास सदाशिवराव भाऊ म्हणवीत होता. भाऊसाहेब तर १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर पडले होते.

हा मूळचा सुखनिधान नांवाचा कनोजी ब्राह्मण. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत त्याची चौकशी होऊन तो कैदेंत पडला, व पुढें त्यास रत्नागिरीच्या किल्ल्यावर ठेविलें. तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानें १७७६ च्या आरंभीं त्याला मोकळें करून त्याचा पक्ष धरला. पाहतां पाहतां कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं गेले, हजारों लोक मिळाले, आणि पुण्यांत धास्ती पडली. शेवटीं महादजी शिंदे व भिवराव पानसे यांच्या फौजांनीं त्याला मागें हटविलें. तो कुलाब्याकडे पळाला, तेथें रघूजी आंगरे यांनीं त्यास धरून पुण्याच्या कारभाऱ्यांच्या स्वाधीन केलें, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याला देहान्त शासन झालें. नरसिंह चिंतामण केळकर यांच्या ‘तोतयाचें बंड’ या नाटकामुळें ही हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे; ती पुन्हां विस्तारानें सांगण्याचा येथें हेतु नाहीं. प्रस्तुत लेखकास प्रश्न पडला तो इतकाच, कीं तोतया निघाला तो भाऊंचा कां निघाला? ज्यांच्या नांवानें राज्य चालत होतें त्या छत्रपतींच्या घराण्याचा कां निघाला नाहीं?

जुनीं दप्तरें चाळणाऱ्या वाचकांस या प्रश्नाचें महत्त्व सहज पटेल. पेशव्यांच्या सनदा व पत्रें आपण उलगडतों, तेव्हां प्रथम दृष्टि जाते ती मुद्रेकडे. शाहूमहाराजांच्या हयातींत ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाळाजी बाजीराव प्रधान’, आणि त्यांच्या मागें ‘श्री राजाराम नरपति हर्षनिधान’ असा आरंभ करून त्या त्या पेशव्याचें नांव. (‘हर्षनिधान’ हें विशेषण राजाचें कीं प्रधानाचें, यावर व्याकरणदृष्ट्या दोन्हीं बाजूंनीं बोलतां येईल. मी पूर्वी हा समास विद्यार्थ्यांस सोडवावयास देत असें, आणि वर्गाचे दोन तट पडत.) मुद्रेवरच विसंबलों, तर १७७६ त राज्य साताऱ्याहून चालत होतें असें म्हणावें लागेल. प्रत्यक्षांत रामराजे साताऱ्यास नजरकैदेसारख्या स्थितींत होते, आणि पुण्यास दोन वर्षांच्या मुलाच्या नांवानें नाना फडणीस व सखारामबापू कारभार करीत होते. म्हणजे मुद्रा खोटी नाहीं, पण ती सत्तेचें ठिकाण सांगत नाहीं. मग तें कशावरून ओळखावें?

येथें रोमच्या इतिहासाचा उपयोग होतो. लोकसत्ताक राज्य जाऊन बादशाही आली असें आपण शाळेंत एका वाक्यांत शिकवितों. परंतु ज्या पिढीनें तें पाहिलें तिला तसें कोणीं जाहीर करून सांगितलें नव्हतें. ज्यूलियस सीझर इ. स. पूर्व ४४ त आमरण सर्वाधिकारी झाला, सत्ता त्यानें उघडपणें आपल्या नांवावर करून घेतली, आणि महिन्या-दीड महिन्यांत त्याचा सिनेटच्या सभेंत खून झाला. त्याचा दत्तक पुत्र ऑक्टेव्हियन यानें त्यावरून धडा घेतला. सर्व प्रतिस्पर्धी संपल्यावर इ. स. पूर्व २७ च्या जानेवारींत त्यानें राज्य सिनेटला ‘परत’ केलें! सिनेटनें त्यास ऑगस्टस ही पदवी दिली, आणि ज्या प्रांतांत बहुतेक पलटणी होत्या ते प्रांत त्याच्याच हवालीं केले. पुढें इ. स. पूर्व २३ त त्यानें कॉन्सलचें पद सोडलें व ट्रिब्यूनचा अधिकार घेतला. ट्रिब्यून मात्र झाला नाहीं. पद न घेतां पदाचें सामर्थ्य घ्यावयाचें, ही त्याची युक्ति. अंगोऱ्याच्या देवळाच्या भिंतीवर त्याचें जें आत्मवृत्त कोरलेलें आहे, त्यांत तो, पदानें मिळणारी सत्ता आपणाजवळ सहकाऱ्यांपेक्षां अधिक नव्हती, अधिक होता तो केवळ आपला प्रभाव, अशा अर्थाचें म्हणतो. वाक्य अक्षरशः खरेंही आहे, आणि फसवेंही आहे.

नाण्यांच्या संग्राहकांजवळ याचा पुरावा हातांत धरतां येण्याजोगा आहे. ऑगस्टसचें एक रुप्याचें नाणें हिंदुस्थानांत, विशेषतः दक्षिणेंत, पुष्कळ सांपडतें. एका बाजूस त्याचें मस्तक. दुसऱ्या बाजूस ढाली व भाले घेतलेले दोन तरुण उभे. हे गायस व लूशियस, त्याच्या मुलीचे मुलगे, पुढें दत्तक घेतलेले. लेखांत त्यांस ‘नियोजित कॉन्सल’ म्हटलें आहे. कॉन्सल म्हणजे लोकांनीं एका वर्षाकरितां निवडून दिलेला अधिकारी. आणि हीं दोन मुलें तर ओठ पिळले असते तर दूध निघालें असतें अशा वयाचीं. लेख लोकराज्याचा, चित्र वारसांचें, असें तें नाणें आहे. आपल्याकडे याहून पुढची पायरी झाली. सवाई माधवराव १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर जन्मले, आणि चाळीस दिवसांच्या आंत-बाहेर त्यांना साताऱ्याहून मुख्य प्रधानकीचीं वस्त्रें आलीं. पाळण्यांतील मुख्य प्रधान! तरी वस्त्रें आलीं तीं साताऱ्याहूनच, हें विसरतां कामा नये.

सत्ता सरकली कशी, याचें कारण दोन्हीं ठिकाणीं मुख्यतः एकच दिसतें, तें म्हणजे शिपायाची भाकर. रोमांत मारियसनें इ. स. पूर्व १०७ त भूमिहीनांस सैन्यांत घेतलें. असा शिपाई सेवा संपल्यावर जमिनीसाठीं सिनेटकडे पाहीना, सेनापतीकडे पाहूं लागला. एकोणीस वर्षांनीं सुल्ला आपल्याच शहरावर फौज घेऊन चालून गेला, आणि फौज त्याच्या मागून गेली. आमच्याकडे इ. स. १६६१ त खालापूर तालुक्यांतील उंबरखिंडींत कारतलबखानास कोंडलें, तेव्हां शिवाजीमहाराज जातीनें तेथें उभे होते. शिपायाचा धनी कोण हें विचारण्याचें कारणच नव्हतें. पुढें १७१३ त कान्होजी आंगऱ्यांनीं बहिरोपंत पिंगळे पेशव्यांस कैद करून लोहगड व राजमाची घेतली, तेव्हां शाहूराजांनीं बाळाजी विश्वनाथांस पेशवेपद दिलें, आणि त्यांनीं बोलणीं करून कान्होजींस राजाच्या पक्षांत आणिलें. राजमाचीच्या निमित्तानें प्रधानाचें वजन वाढलें तें असें. बाजीरावांच्या काळीं शिंदे, होळकर, पवार हे नवे सरदार उत्तरेंत वाढले. त्यांस सरंजाम मिळाले ते बाजीरावांच्या हातून. अष्टप्रधानांतील इतर पदें वंशपरंपरेनें चालत राहिलीं खरीं, पण चालतें सैन्य एकट्या पेशव्यांचें होतें.

साम्य दाखवितांना भेद झांकूं नये. रोमांत अनेकांची सत्ता एकाकडे गेली. येथें एका राजाची सत्ता त्याच्या सेवकाकडे गेली. ऑगस्टसला सिनेट राखावी लागली, पेशव्यांना राजा राखावा लागला. कांहीं इंग्रज लेखक याला सरळ बळकावणें म्हणतात, तें मला अतिव्याप्त वाटतें. शाहूराजांनीं शेवटच्या दुखण्यांत स्वहस्तें लिहून दिलेल्या दोन चिठ्ठ्यांत कारभार पेशव्यांकडे सोंपविलेला आहे. परंतु राजाचें देणें व प्रधानाचें घेणें यांची सीमा ओलांडली गेली ती सांगोल्यास. शाहूराजे १५ डिसेंबर १७४९ रोजीं वारले. सप्टेंबर १७५० त सांगोल्यास रामराजांनीं राज्यकारभाराचा सर्व अधिकार पेशव्यांस दिला. आणि हा करार ज्यांनीं घडवून आणिला ते पेशव्यांच्या बाजूचे पुरुष म्हणजेच सदाशिवराव भाऊ.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. तोतयेपणाचा आरोप मराठी राज्यांत पंचवीस-सव्वीस वर्षांच्या अंतरानें दोनदां गाजला. पहिला १७५० त. त्या नोव्हेंबरांत ताराबाईंनीं रामराजांस साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकविलें, आणि ज्यास आपलाच नातू म्हणून पुढें आणिलें होतें तो आपला नातूच नव्हे असें सांगितलें; पुढें १७५२ त जेजुरीस खंडोबासमोर शपथही घेतली. कल्पना करावी : राजमातेनें देवासमोर म्हणावें कीं सिंहासनावरील पुरुष खोटा आहे! दुसऱ्या कोणत्याही राज्याचे खांब हलले असते. येथें काय झालें? पेशव्यांनीं ताराबाईंशीं समेट केला, त्याच राजाचें नांव मुद्रेवर ठेविलें, मोहिमा चालू राहिल्या. मुद्रेवरील पुरुष खरा कीं खोटा यानें व्यवहाराचें कांहीं अडलें नाहीं.

दुसरा प्रसंग १७७६ चा. भाऊ स्वतः पेशवेही नव्हते, पेशव्यांचे चुलतभाऊ. पण त्यांच्या नांवाचा खोटा मनुष्य उठला आणि रत्नागिरीपासून राजमाचीपर्यंत मुलूख पेटला. मोठमोठ्यांनीं त्याच्यापुढें मान वांकविली. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई तर पानिपतानंतर विधवेचा वेष न घेतां राहिल्या होत्या, त्यामुळें लोकांच्या मनांत शंकेस जागा होतीच. ज्या घराण्याच्या नांवावर पैज लावून जीव धोक्यांत घालावा असें लोकांस वाटतें, सत्ता त्या घराण्यांत असते. म्हणून सत्तांतराचा काल मुद्रांवरून न ठरवितां या दोन तोतयांच्या मध्यें, म्हणजे १७५० व १७७६ यांच्या दरम्यान धरावा, असें मला वाटतें.

रोमचा पुरावा या कसोटीस दुजोरा देतो, आणि किंचित् दुरुस्तीही करतो. इ. स. १४ त ऑगस्टस वारतांच त्याचा नातू अग्रिप्पा पोस्टुमस मारला गेला. दोन वर्षांनीं क्लेमेन्स नांवाचा त्याचाच गुलाम ‘मी अग्रिप्पा’ म्हणून प्रगट झाला, आणि टायबेरियसला त्याला कपटानें धरावें लागलें. पुढें नीरोचे तोतये तर एकाहून अधिक निघाले. कॉन्सलचा तोतया निघाल्याचें कोणी ऐकिलें आहे काय? येथवर ठीक. पण सीझर जिवंत असतांनाच अमेशियस नांवाचा एकजण मारियसचा नातू म्हणून मिरवत होता, व सीझरच्या खुनानंतर अँटनीनें त्यास मारविलें. तेव्हां बादशाही अजून व्हावयाची होती. म्हणजे तोतया हा सत्तांतर पुरें झाल्याचा दाखला नसून, लोकांच्या मनांत पदापेक्षां कुलाचें नांव जड झाल्याचा दाखला आहे. कागद तेथें मागाहून पोंचतो. वर दिलेला १७५० हा आरंभ या दृष्टीनें कांहीं वर्षें मागेंही नेतां येईल, यास माझी हरकत नाहीं.

पेशव्यांच्या घरीं हें चक्र थांबलें नाहीं. बोरघाटाच्या पायथ्याशीं, खालापूर तालुक्यांत खोपोलीस, महादेवाचें देऊळ व मोठें तळें आहे. घाट चढणारा-उतरणारा वाटसरू तेथें पाणी पीत आला. तें पेशव्यांनीं बांधिलेलें नव्हे, नाना फडणिसांनीं बांधिलेलें आहे. राजाची सत्ता प्रधानाकडे, आणि प्रधानाची फडणिसाकडे! फडणिसांचाही शिक्का धन्याच्याच नांवाखालीं पडत असे. १३ मार्च १८०० रोजीं नाना गेले, त्यानंतर पुण्यांत जें झालें तें सर्वांस ठाऊक आहे.

पण मग मुद्रेवरील नांव अगदींच पोकळ होतें काय? दुसरे बाजीराव १८१७-१८ त इंग्रजांपुढून पळत असतां साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांस बरोबर घेऊन हिंडत होते. ११ फेब्रुवारी १८१८ रोजीं एल्फिन्स्टननें साताऱ्याहून जाहीरनामा काढला, त्यांत पेशव्यांचें राज्य संपलें असें सांगून राजास स्वतंत्र मुलूख देण्याचें वचन दिलें. नऊ दिवसांनीं अष्टीस बापू गोखले पडले, आणि महाराज इंग्रजांच्या हातीं आले. त्याच वर्षीं एप्रिलांत त्यांची साताऱ्याच्या गादीवर स्थापना झाली, आणि वणवण करूनही पेशव्यांनीं जें नांव हातचें सोडलें नव्हतें, तें इंग्रजांच्या तहनाम्यावर उमटलें.