जरादौर्बल्य व कर्करोगावरील शस्त्रक्रिया

जरादौर्बल्य : उतारवयात शरीराच्या अनेक संस्थांची राखीव शक्ती एकाच वेळी खालावल्यामुळे येणारी, किरकोळ आघातानेही माणूस अंथरुणाला खिळावा अशी अवस्था. वयोमान किंवा एखादा जुनाट विकार यांहून ती वेगळी होय. ८० वर्षांचा गृहस्थ तिच्यापासून मुक्त आणि पासष्टीतला तिने ग्रस्त आढळतो. भूल, रक्तस्राव, दाह आणि सक्तीची विश्रांती यांचा खर्च ज्या गंगाजळीतून भागवावयाचा तीच आटलेली असल्यास, शस्त्रक्रिया निर्दोष पार पडूनही रुग्ण पूर्ववत हिंडूफिरू लागेल याची हमी देता येत नाही.

लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २००१ मध्ये या अवस्थेची पाच लक्षणे निश्चित केली : नकळत घटलेले वजन, थकवा, हाताची क्षीण पकड, मंद चाल आणि हालचालींची अल्पता. यांपैकी तीन वा अधिक असल्यास रुग्ण दुर्बल मानावा. कॅनडातील केनेथ रॉकवुड प्रभृतींनी मात्र देहातील व दैनंदिन व्यवहारातील उणिवांची बेरीज करण्याचा मार्ग पत्करला. कर्करोगात पहिल्या पद्धतीस एक अडचण येते, आणि ती उपेक्षणीय नाही : वजन घटणे व थकवा ही खुद्द अर्बुदाचीही लक्षणे असल्याने, वार्धक्याचा वाटा किती आणि रोगाचा किती, याचा निवाडा सहजी होत नाही.

नॉर्वेमध्ये बृहदांत्र व गुदाशय यांच्या कर्करोगासाठी नियोजित शस्त्रक्रिया झालेल्या, ७० वर्षे व त्यांवरील वयाच्या १७८ रुग्णांची शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांगीण तपासणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सुदृढ ठरलेल्यांपैकी ३३ टक्के, मध्यम गटातील ३६ टक्के आणि दुर्बलांपैकी ६२ टक्के रुग्णांत गंभीर गुंतागुंत उद्भवली; उलट वाढते वय आणि भूलतज्ज्ञांची रूढ प्रतवारी यांचा गुंतागुंतीशी संबंध दिसला नाही. जन्मतारखेच्या दाखल्यावरून शस्त्रक्रिया नाकारण्याचा प्रघात यामुळे निराधार ठरतो, असेच म्हणावे लागेल.

दौर्बल्य आढळले म्हणजे शस्त्रक्रिया रद्द, असे मात्र नव्हे. सांधलेले आतडे फुटण्याचा धोका टाळण्यासाठी पोटावर मलमार्ग काढणे, औषधांची छाटणी करणे, शस्त्रक्रियेनंतरच्या संभ्रमावर नजर ठेवणे असे फेरफार करता येतात. पूर्वतयारी म्हणून व्यायाम व पोषक आहार देण्याविषयी बरीच आस्था असली, तरी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या माँट्रियल येथील चाचणीत अशा पूर्वतयारीने दुर्बल रुग्णांची गुंतागुंत घटली नाही. तुलनेचा गट शस्त्रक्रियेनंतर तोच उपक्रम करीत होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात ७५ वर्षांवरील रुग्णांची देखभाल शल्यचिकित्सक व वार्धक्यतज्ज्ञ यांनी संयुक्तपणे केली तेव्हा ९० दिवसांतील मृत्यू कमी आढळले. पण तो नोंदींवरून काढलेला हिशेब आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही वृद्ध कर्करुग्णांसाठी स्वतंत्र तपासणीची व्यवस्था आहे.

आतडे बंद पडून रुग्ण अपरात्री दाखल झाला, तर चाल किंवा पकड मोजण्यास सवड नसते, आणि त्या घटकेची अवस्था दिशाभूलही करते. रॉकवुड यांच्याच, दैनंदिन व्यवहारांवरून दौर्बल्य जोखणाऱ्या श्रेणीनुसार अशा वेळी आप्तांकडे, सुमारे दोन आठवड्यांपूर्वी रुग्ण स्नान, स्वयंपाक, बाजारहाट आणि पैशांचे व्यवहार कितपत स्वतः करीत होता, याची चौकशी करतात.