कालुरघाट ते बगाफा

त्रिपुरातल्या पोस्टिंगमध्ये बगाफाचं नाव ऐकलं आणि १९७१ च्या एका रेडिओ केंद्राचा माग लागला. २६ मार्चला चितगावजवळच्या कालुरघाटहून ‘स्वाधीन बांगला’ केंद्र सुरू झालं. दुसऱ्या दिवशी मेजर झियांनी तिथूनच स्वातंत्र्याची घोषणा वाचली. ३० तारखेला पाकिस्तानी विमानांनी बॉम्ब टाकले. १० किलोवॉटचा ट्रान्समीटर काही उचलून नेता येत नाही. केंद्रातल्या १० जणांनी १ किलोवॉटचा सोडवून सोबत घेतला.

सिग्नल्सवाल्यांना ठाऊक आहे, सेट हलवणं त्यातल्या त्यात सोपं. जनरेटर, एरियल, पुन्हा जुळवणी, खरा घाम तिथे निघतो. एप्रिलच्या सुरुवातीला बगाफाच्या जंगलातून पुन्हा आवाज उठला, तो बीएसएफच्या मदतीने, छोट्या शॉर्टवेव्ह सेटवर. किती जणांनी ऐकला असेल? माझ्या मते थोड्यांनीच. पण केंद्र जिवंत आहे, हे त्यांना कळलं. २५ मेपासून कोलकात्याहून ५० किलोवॉट.