फोनच्या सिस्टीम इमेजमध्ये ‘निक्स’ : सोय कोणती, किंमत कोणती?

मोबाइल फोनमध्ये नेमके कोणते सॉफ्टवेअर, कोणत्या आवृत्तीचे आणि कोणत्या घटकांवर उभे आहे, हे सामान्य वापरकर्त्यालाच नव्हे, तर अनेकदा तंत्रज्ञालाही सहज सांगता येत नाही. हे उत्तर एका लिखित वर्णनात नोंदवून ठेवणाऱ्या साधनांना डिक्लेरेटिव्ह, म्हणजेच वर्णनाधारित पॅकेज व्यवस्थापक म्हणतात. ‘निक्स’ हे त्यांतील ठळक नाव. संगणक व सर्व्हरवर रुळलेले हे साधन अँड्रॉइडच्या सिस्टीम इमेजमध्येच समाविष्ट करायचे झाल्यास काय करावे लागते, याचा हा आढावा.

निक्सचे तत्त्व

नेहमीचा पॅकेज व्यवस्थापक एकेक आज्ञा पाळतो. काही महिन्यांनी त्या आज्ञांच्या थरांतून प्रणालीची नेमकी स्थिती उलगडणे कठीण होते. निक्समध्ये वापरकर्ता हवी असलेली अंतिम स्थिती फाइलमध्ये लिहितो. तिथवर पोहोचण्याचे काम साधन करते. ईल्को डोलस्ट्रा यांनी नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात २००३ मध्ये त्याची सुरुवात केली. २००६ मधील त्यांचा पीएचडी प्रबंधही याच विषयावर आहे.

निक्सच्या भांडारात, म्हणजे ‘स्टोअर’मध्ये, प्रत्येक पॅकेजचा मार्ग स्वतंत्र असतो आणि त्या मार्गात ३२ अक्षरांचा हॅश असतो. सोर्स कोड, कंपायलर किंवा अवलंबित घटक यांपैकी काहीही बदलले की हॅश बदलतो. त्यामुळे एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारी नांदतात आणि नवी रचना बिघडल्यास आधीच्या रचनेकडे परतता येते.

अँड्रॉइडमधील अडथळे

पहिली अडचण जागेची. तयार पॅकेजेस वापरायची, तर भांडार मूळ निर्देशिकेतील ‘निक्स’ या ठरलेल्या फोल्डरमध्येच हवे. अन्यथा सर्व काही नव्याने कंपाइल करावे लागते. अँड्रॉइडची मूळ निर्देशिका मात्र केवळ वाचनीय असते आणि ‘व्हेरिफाइड बूट’ तिची अखंडता तपासते. म्हणून ‘निक्स-ऑन-ड्रॉइड’ हे अॅप रूट अधिकारांशिवाय, प्रूट या साधनाद्वारे, ते फोल्डर जागेवर असल्याचा आभास निर्माण करते. त्याची किंमत वेगात मोजावी लागते.

इमेज स्वतः तयार करणाऱ्यास हा आभास नको. तो इमेज बांधतानाच मूळ निर्देशिकेत रिकामे फोल्डर राखून ठेवतो. फोन सुरू होताना डेटा विभाग उपलब्ध झाला, की त्यातील भांडार त्या जागी जोडले जाते. प्रणाली अद्ययावत झाली तरी डेटा विभागातील पॅकेजेस टिकतात.

मात्र एवढ्याने भागत नाही. एसईलिनक्सच्या धोरणात भांडारासाठी आणि निक्सच्या पार्श्वसेवेसाठी स्वतंत्र नियम लिहावे लागतात. लिनक्समध्ये गृहीत धरलेली वापरकर्त्यांची यादी आणि डीएनएसची नोंद ठेवणाऱ्या नेहमीच्या फाइली अँड्रॉइडमध्ये नसतात. त्यांची पर्यायी व्यवस्था करावी लागते. अँड्रॉइडची ‘बायोनिक’ ही सी लायब्ररी लिनक्सच्या प्रचलित लायब्ररीहून वेगळी असली, तरी तो प्रश्न इथे फारसा छळत नाही. निक्सची पॅकेजेस आपली लायब्ररी सोबतच आणतात.

अन्य मार्ग

‘रोबोटनिक्स’ हा प्रकल्प निक्स फोनमध्ये बसवण्याऐवजी अँड्रॉइडची इमेजच संगणकावर निक्सने घडवतो. ‘मोबाइल निक्सओएस’ अँड्रॉइड बाजूला ठेवून फोनवर निक्सआधारित लिनक्स आणतो.

विश्वासाचा प्रश्न

खरा पेच सुरक्षेचा आहे. व्हेरिफाइड बूटची हमी इमेजपुरती असते. डेटा विभागातील भांडार तिच्या कक्षेबाहेर राहते. निक्स डाउनलोड केलेल्या पॅकेजची स्वाक्षरी तपासते आणि भांडाराची पडताळणीही करू शकते. परंतु फोन सुरू होतानाच्या तपासणीची जागा ती घेत नाही. पॅकेजेस इमेजमध्येच गोठवली, तर हमी मिळते. पण एका पॅकेजच्या बदलासाठीही नवी इमेज लागते. शिवाय स्वतः घडवलेली इमेज बसवण्यासाठी सहसा बूटलोडर खुला करावा लागतो आणि अशा फोनवर काही बँकिंग व पेमेंट अॅप्स चालण्यास नकार देतात. यूपीआयवर दैनंदिन व्यवहार करणाऱ्यांसाठी ही किंमत लहान नाही.

त्यामुळे हा मार्ग तूर्त विकासक व अभ्यासकांच्याच उपयोगाचा आहे. मात्र आपल्या फोनमध्ये काय आहे, हे वाचता येईल अशा भाषेत लिहून ठेवावे आणि त्या वर्णनावरून ते पुन्हा उभारता यावे, ही त्यामागील अपेक्षा प्रत्येक वापरकर्त्याच्या हिताची आहे.