आईला वाटलं, सेल संपलेत

मागच्या वर्षी मी गिटारसाठी एक पेडल घेतलं. पायानं दाबायची लोखंडी डबी, वर चार खुंट्या. ती चालू केली की सूर जागेवर उभा राहत नाही, हलकेच डुलतो, जुन्या कॅसेटवरून वाजत असल्यासारखा. लो-फाय म्हणतात हल्ली याला. मी घरी वाजवून बघत होतो, तेवढ्यात आतून आई म्हणाली, "सेल संपत आले का रे त्याचे? बदल की."

मला हसू आलं, पण तिनं अचूक ओळखलं होतं. तो डुलणारा सूर आणायला मी पैसे मोजले होते. तिच्या काळात तो फुकट यायचा आणि आला की घरातलं कुणीतरी वैतागून उठायचं.

फिलिप्सनं कॅसेट पहिल्यांदा दाखवली १९६३ साली, बर्लिनच्या प्रदर्शनात. चार मिलिमीटरहून कमी रुंदीची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगानं सरकते. हा वेग कायम राहिला तरच सूर कायम राहणार. पण फीत ओढतो कोण? एक छोटी मोटर आणि रबराचा पट्टा. पट्टा सैल पडला, रोलरवर धूळ बसली, सेल उतरले, की वेग बदलतो आणि त्याच्याबरोबर सूरही. संथ हेलकाव्याला इंग्रजीत 'वाव' म्हणतात, भरभर थरथरीला 'फ्लटर'. माझ्या पेडलवर वाव नावाची खुंटीच आहे.

भारतात कॅसेटचा खरा सुळसुळाट ऐंशीच्या दशकात झाला. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकानं १९९३ साली 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक लिहिलं ते उत्तर भारतावर, पण त्यातली मुख्य गोष्ट आपल्यालाही लागू आहे: रेकॉर्ड काढणं मोठ्या कंपनीचं काम होतं, कॅसेट मात्र कुणीही काढू शकत होतं. आमच्याकडे संक्रांतीच्या गड्ड्यात आणि पंढरपूरच्या वारीत कॅसेटचे ढीग लागायचे. भक्तिगीतं, भीमगीतं, लोकगीतं. आणि घराघरात टू-इन-वनचं लाल बटण दाबून माणसं स्वतःला टेप करू लागली. मला वाटतं, कॅसेटनं केलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट.

गंमत म्हणजे हा दोष मुद्दाम घडवण्याची युक्तीही फिलिप्सच्याच प्रयोगशाळेतली. १९६९ साली सँगस्टर आणि टीअर यांनी 'बकेट ब्रिगेड' नावाचं सर्किट शोधलं. टँकर आला की आमच्या गल्लीत घागरी हातोहात पुढे जातात, तसंच. आवाजाचा एकेक थेंब एका कपॅसिटरमधून पुढच्यात ओतला जातो आणि शेवटी थोडा उशिरा बाहेर पडतो. घागरी सरकवण्याचा वेग कमी-जास्त केला की सूर डुलतो. १९७६ साली आलेलं बॉसचं सीई-१ हे कोरस पेडल याच तत्त्वावर होतं. त्याआधीचं जपानी युनि-वाइब तर बल्बवर चालायचं. आत एक दिवा मंद-तेज होत राहतो आणि प्रकाशाला जागणारे सेल आवाज फिरवतात. त्याचे जनक फुमिओ मिएदा यांना ही कल्पना सुचली ती म्हणे मॉस्को रेडिओचा लांबून येणारा, विरत-उमटत जाणारा आवाज ऐकून. जिमी हेंड्रिक्सनं ते १९६९ साली वुडस्टॉकला वाजवलं.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग अम्मम्माची कॅसेट पण चांगली कर की."

अम्मम्मा म्हणजे आईची आई. आमचं घर पद्मशाली, पूर्व भागातलं. आजोबा मागावर, अम्मम्मा विड्या वळायची. १९८८ साली मामानं तिची बतुकम्माची गाणी टेप केली. फुलांच्या उतरंडीभोवती टाळ्या वाजवत म्हणायची तेलुगू गाणी. तिच्या आवाजाची तेवढी एकच खूण. पण आई ती लावत नसे. "हा तिचा आवाजच नाही," म्हणायची. "इतका पातळ नव्हता तिचा."

मी एका चांगल्या डेकवर वाजवून ती लॅपटॉपवर घेतली. मागे पॉवरलूमचा खडखडाट होता आणि त्याच्याखाली एक बारीक गुणगुण. ट्यूबलाइटच्या चोकची. आपली वीज ५० हर्ट्झची, चोक तिच्या दुप्पट गुणगुणतो, म्हणजे १००. लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र ती रेघ सुरुवातीला १०४ वर होती, आणि शेवटी १०९ वर.

मामाला फोन केला. घरात प्लग एकच, त्यावर टेबलफॅन, म्हणून त्यानं टेप सेलवर चालवला होता. सेल बॅटरीतले काढलेले, दुपारभर उन्हात तापवलेले. मग उलगडलं. टेप करताना मोटर हळू फिरत होती आणि शेवटाकडे आणखी हळू. म्हणून नीट वेगानं वाजवलं की अम्मम्मा चढत जाते, शेवटी जवळजवळ दीड स्वर वर, पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजल्या तर.

मी ती रेघ सरळ १०० वर आणून ठेवली. खूश होतो. मग लक्षात आलं, त्या काळात आपल्या ग्रिडची ५० सुद्धा पन्नास नसायची. मागणी वाढली की ४९ च्याही खाली घसरायची. त्या संध्याकाळी सोलापुरात किती होती, हे त्या कॅसेटवर कुठेच नाही.

म्हणून आईला शेजारी बसवलं. हेडफोन दिला, वेगाची पट्टी तिच्या बोटाखाली दिली. तिनं डोळे मिटले.

"अजून खाली," ती म्हणाली. मग, "नाही, जरा वर."

पट्टी ९८.५ वर थांबली. आईनं हेडफोन काढला नाही. थोड्या वेळानं ती मांडीवर हलकेच टाळी धरू लागली.